विसण

आमच्या बैठकीच्या खोलीत, पुस्तकांच्या कपाटाला लागून, माशांची एक काचपेटी आहे. लांबी तीन फूट, उंची दीड, रुंदी एक. पाणी शंभर-सव्वाशे लिटर. घरी येणारा माणूस प्रथम तिच्यापाशी थांबतो. मुले काचेला नाक लावतात, मोठी माणसे माशांची नावे विचारतात आणि लगेच विसरतात. माझे तसे होत नाही. मी पेटीपाशी जातो तो आधी कोपऱ्यात लावलेल्या काचेच्या बारीक नळीकडे पाहतो. तांबडी रेघ सव्वीस अंशांवर असली तर मग मासे पाहतो. नसली तर मासे पाहायचे राहूनच जातात. पस्तीस वर्षे शाळेत पदार्थविज्ञान शिकवल्याने ही सवय लागली असेल, किंवा मुळात स्वभावच तसा असेल. पण जिवाकडे पाहण्याआधी आकड्याकडे पाहणारा माणूस त्या जिवाची काळजी करीत असतो की स्वतःची, हा प्रश्न मला बरीच वर्षे स्वस्थ बसू देत नाही. त्याबद्दल थोडे लिहावयाचे आहे.

आकड्याचा अधिकार मी अमान्य करीत नाही. माशाला स्वतःची अशी ऊब नसते. बाहेर थंडी असो की ऊन, आपले रक्त सदतीस अंशांच्या आसपास राहते. माशाचे रक्त पाणी असेल तसे होते. पाणी दहा अंशांनी तापले की त्याच्या देहातले सारे व्यवहार साधारण दुप्पट वेगाने चालू लागतात. त्याला अधिक प्राणवायू लागतो. आणि नेमके त्याच वेळी पाण्यातला प्राणवायू कमी होतो, कारण गरम पाण्यात वायू कमी विरघळतो. वीस अंशांच्या पाण्यात दर लिटरला नऊ मिलिग्रॅम मावतो, तर तीस अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. म्हणजे गरज वाढते आणि शिधा घटतो. उलट पाणी फार गार झाले तर खाल्लेले पचत नाही, परांचे पंखे मिटतात, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके उठतात. हे सारे खरे आहे आणि ते नळीवरल्या रेघेवरून आधी कळते.

आपल्या भाषेत यासाठी एक फार चांगले क्रियापद आहे: मानवणे. पाणी मानवते, हवा मानवते, कुणाला सासरही मानवते. त्याच्या शेजारी आणखी दोन क्रियापदे उभी असतात, सोसणे आणि सवय होणे. बाहेरून पाहणाऱ्याला तिन्ही सारखीच दिसतात. सोसणारा मासा पोहतो, खातो, वर्षभर जगतोही. सोनमाशाचेच पाहा. तो मूळचा चीनचा, अठरा-वीस अंशांच्या पाण्यात सुखाने राहणारा. एंजल मासा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला. त्याला सव्वीस-सत्तावीस हवेत. दुकानात दोघेही सुंदर दिसतात म्हणून लोक एकाच पेटीत सोडतात, आणि पाणी तेवीस अंशांवर ठेवून दोघांनाही न्याय दिल्याच्या समाधानात असतात. दोघेही सोसतात. सरासरीने दिलेला न्याय हा असाच असतो, हे मी वर्गात सरासरी शिकवताना मात्र कधी सांगितले नाही.

हा छंद युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फोफावला. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८५३ साली मत्स्यगृह उघडले. पुढल्याच वर्षी गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने पुस्तक लिहून घरोघरी काचपेट्या नेल्या. उष्ण देशांतले मासे पुढे तिकडे गेले, तेव्हा त्या थंड मुलखात त्यांना जगवण्यासाठी पेटीचा तळ पाटीच्या दगडाचा करीत आणि त्याखाली ज्योत पेटती ठेवीत. म्हणजे रात्री उठून ज्योत पाहणारा एक माणूस त्या पेटीबरोबर आलाच. आता त्याची जागा काचेच्या नळीतल्या हीटरने घेतली आहे. त्यात दोन धातूंची एक पट्टी असते. तापली की वाकते आणि वीज तोडते, निवली की सरळ होऊन जोडते. रात्री सारे शांत झाले म्हणजे तिचा 'टिक' असा आवाज ऐकू येतो. गंमत अशी की ही पट्टी माशाला ओळखत नाहीच, पण पेटीतल्या साऱ्या पाण्यालाही ओळखत नाही. ती ज्या नळीत बसली आहे त्या नळीपाशी काय आहे, एवढेच तिला कळते.

मला मासे प्रथम भेटले ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात. १९५१ साली ते उघडले आणि त्यानंतर दहा वर्षांनी एका मे महिन्यात मामाने मला मरीन ड्राइव्हवर नेऊन ते दाखवले. अंधाऱ्या खोलीतला तो उजळलेला पाण्याचा चौकोन माझ्या मनात घर करून बसला. राजापूरकडच्या आमच्या गावी विहिरीत मासे होते, पण ते वरून पाहायचे. माशाच्या डोळ्याला डोळा भिडवता येतो हे मला तिथे कळले. पुढे पुण्यात नोकरी लागली, जागा झाली आणि पेटी आली.

आता ती रात्र सांगितली पाहिजे. २००५ सालचा डिसेंबर. त्या वर्षी महाराष्ट्रात भारनियमनाचा सुकाळ होता, पण त्या रात्रीचे कारण वेगळे होते. आमच्या गल्लीत कुठेतरी केबल जळाली आणि आठच्या सुमारास दिवे गेले. बाहेर कडाक्याची थंडी. तीन वाजता मला जाग आली ती पेटीच्या काळजीने. विजेरी लावून पाहतो तो रेघ बावीसवर. सात तासांत चार अंश. मी शिक्षक, भीती वाटली तरी गणित सुचते. एवढ्या पाण्याला चार अंश चढवायचे तर साडेसहा लिटरच्या आसपास कढत पाणी लागेल. गॅसवर दोन पातेली चढवली, उकळी आणली, पेटीतले तेवढेच पाणी मगाने काढले आणि पातेली ओतली. रेघ भराभर चढली आणि सव्वीसवर येऊन थांबली. गणित बरोबर आले होते. मी समाधानाने जाऊन झोपलो.

सकाळी दोन एंजल आडवे होऊन तरंगत होते. बाकीचे मासे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकीत होते.

काय झाले ते मला समजायला तास लागला, आणि समजले ते मी मुलांना दर वर्षी शिकवीत असे. गरम पाणी हलके. ते वर राहते. हवेचा पंप बंद, तेव्हा ते खालच्या पाण्यात मिसळायला काही साधन नव्हते. माझी नळी वरच्या थरात होती. तिने वरच्या थरापुरते खरे सांगितले. उकळलेल्या पाण्यातला प्राणवायू निघून गेलेला. आणि बावीस अंशांपर्यंत सात तासांत हळूहळू उतरलेले मासे ती उतरण सोसत होतेच. माशाला आकड्यापेक्षा आकडा बदलण्याचा वेग अधिक जाचतो. दुकानदार नवा मासा देतो तेव्हा पिशवी वीस मिनिटे पाण्यावर तरंगत ठेवा म्हणून बजावतो, ते याचसाठी. मी चार अंश पाच मिनिटांत चढवले.

पण या साऱ्याहून एक गोष्ट मला अधिक टोचते. मासे त्या कढत पाण्यापासून पळून तळाशी का गेले नाहीत? बाकीचे गेले असतील. मोठे एंजल मात्र मला ओळखत. मी पेटीवर वाकलो की ते खाण्याच्या आशेने वर येत. विजेरीच्या उजेडात मी वाकलो, हात पुढे केला, आणि ते माझ्या हाताकडे वर आले.

घरात मी सांगितले, "रात्री वीज गेली, त्यात मासे मेले." कुणी अधिक विचारले नाही. आईला मात्र पातेली दिसली असावीत. ती तेव्हा आमच्याकडेच होती. चहा घेताना तिने मला विचारले, "विसण नव्हतं का रे घातलंस?"

विसण हा शब्द आता पुष्कळांना ठाऊक नसेल. न्हाणीत चुलीवरचे पाणी कढत असते. ते अंगावर घेण्याजोगे करण्यासाठी त्यात जे गार पाणी घालायचे ते विसण. बाळंतिणीला न्हाऊ घालणारी बाई ते घालते, बाळाच्या पाण्यात तर आधी कोपर बुडवून पाहते. आकडा कुठेच नसतो. असतो तो एक हात, आणि ज्याला न्हायचे त्याचे अंग. आईच्या म्हणण्यात पदार्थविज्ञान पुरेपूर होते: पाणी आधी बाहेर मिसळावे, हात घालून पाहावे, मग दुसऱ्याच्या अंगावर घालावे. मी उत्तर दिले नाही.

इथून पुढे मला जे सांगायचे आहे त्याने कुणाला राग येईल. आईची आणि माशांची गोष्ट एकात घालणे शोभत नाही, हे मलाही कळते. पण त्या माझ्या मनात एकत्र पडल्या आहेत आणि मी त्या वेगळ्या करू शकत नाही.

वडील २००३ साली गेले आणि आम्ही आईला पुण्याला आणले. तिला दक्षिणेची, बंद होणारी अशी चांगली खोली दिली. पुण्याच्या थंडीची तिला सवय नाही म्हणून खिडकी लावून घेत असू, संध्याकाळी विजेची शेगडी, पायमोजे, रात्री गरम पाण्याची पिशवी. भिंतीवर मी एक तक्ता लावला होता: रक्तदाब, नाडी, ताप. पहिल्या हिवाळ्यात तिला फुप्फुसाचा दाह झाला, तेव्हापासून तर गॅलरीत बसणेही बंद केले. तिने तक्रार अशी केली नाही. कुणी भेटायला आले की सांगे, "मला कशाचा म्हणून त्रास नाही." एकदा मीच विचारले, खोली मानवते ना? ती म्हणाली, "चांगली आहे रे. इथं सगळीकडे सारखंच आहे." मी ती पसंतीची पावती समजलो.

गावच्या घरात ती दिवसभर कशी वावरे ते आता आठवतो. सकाळी उन्हाला पाठ देऊन खळ्यात तांदूळ निवडायचे. ऊन तापले की पडवीत. दुपारी माजघरात, जिथे मे महिन्यातही शेणाची जमीन गार लागे. चारच्या सुमारास मागल्या दारी पायरीवर. दिवे लागले की न्हाणीच्या चुलीपाशी. तिला कुणी विचारले असते की तू इथून तिथे का गेलीस, तर तिने तांदळाचे, भांड्यांचे, वाऱ्याचे कारण सांगितले असते. त्या घरात एकही तापमापक नव्हता आणि ती दिवसभर आपल्या अंगाला हवी ती जागा शोधून घेत होती. राजापूरला गंगा आली की ती बायकांबरोबर उन्हाळ्याच्या गरम झऱ्यावरही जाई. तिथेदेखील तिने धारेखाली एकदम बसू नये, पाय टेकवून पाहावे, असा शिरस्ता होता.

मासा तळ्यात हेच करतो. उन्हाळ्याच्या दुपारी खोल पाण्यात, हिवाळ्याच्या सकाळी काठच्या उथळ, उन्हाने कोवळ्या झालेल्या पाण्यात. आपल्या देहात समतोल राखणारी यंत्रणा असते. कॅनन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १९३२ साली तिच्यावर एक सुरेख पुस्तक लिहिले आणि तिला देहाचे शहाणपण म्हटले. माशाचे शहाणपण देहाच्या बाहेरही पसरलेले असते. त्याचे पोहणे हाच त्याचा थर्मोस्टॅट. १९७०नंतरच्या दशकात अमेरिकेतील प्रयोगशाळांत असे दिसले की एका टोकाला गरम आणि दुसऱ्या टोकाला गार पाणी असेल, आणि माशाला जंतूंची बाधा झाली, तर तो एरवीपेक्षा काही अंश गरम पाणी निवडून तिथे राहतो. आपल्याला ताप येतो. तो तापाकडे पोहत जातो. इग्वाना नावाच्या सरड्यांवरही १९७५च्या सुमारास असेच प्रयोग झाले. ज्यांना आजारपणात गरम जागी जाऊ दिले नाही, त्यांत अधिक मेले.

हे मी आई गेल्यावर वाचले. २००७च्या हिवाळ्यात ती गेली. खोलीतली हवा त्या दिवशीही ठरल्याप्रमाणे होती.

तत्त्वज्ञान शिकवलेले माझे एक स्नेही आहेत. त्यांना मी हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, "तुमचा सगळा घोळ मासे पाळण्यातच आहे. दुसऱ्याला काचेत ठेवायचे आणि मग त्याच्या स्वातंत्र्याची चिंता वाहायची, हा ढोंगीपणा नाही का?" त्यांचे म्हणणे मी टाळणार नाही. पेटी घ्यायच्या आधी हा प्रश्न पडता तर बरे झाले असते. पण आता ते मासे आहेत. चेन्नईच्या कोळत्तूर भागातल्या हौदांत त्यांच्या पिढ्या वाढल्या. ॲमेझॉन त्यांनी पाहिलेली नाही. त्यांना मुठेत सोडू? परके मासे नदीत सोडल्याने काय होते ते १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापियाने आपल्याला पुरेसे दाखवले आहे. एकदा दुसऱ्याचे पाणी आपल्या हाती घेतले की 'मी मध्ये पडत नाही' असे म्हणण्याची सोय राहत नाही. हीटर काढून टाकणे हेही पाण्याचे तापमान ठरवणेच आहे.

त्यांनी दुसरे विचारले ते मला अधिक कठीण गेले. "निवड दिली आणि चुकीचे निवडले तर? तुमच्या मातोश्री गॅलरीत बसल्या असत्या आणि पुन्हा दाह झाला असता तर?" झाला असता. डॉक्टरांनी भीती घातली होती आणि ती खोटी नव्हती. गॅलरी उघडली असती तर ती आणखी दोन वर्षे जगली असती, असे मी म्हणू शकत नाही. दोन वर्षे आधीही गेली असती. मला एवढेच कळते की मी तिला विचारले नाही. मासा बोलत नाही, म्हणून त्याच्या वतीने नळीला विचारणे भाग आहे. आणि तोही अगदीच बोलत नाही असे नाही, तळाशी बसून राहतो, वर येऊन धापा टाकतो, हीटरला चिकटतो. आई तर चार शब्दांत स्पष्ट बोलली होती. तरी मी तक्त्याकडेच पाहिले, कारण तक्ता माझ्या भाषेत बोलत होता. आकड्यांचा मोह होतो तो त्यामुळे. ते ज्याची काळजी घ्यायची त्याच्याशी बोलण्यातून सुटका करून देतात, आणि काळजी घेतल्याचे समाधानही देतात.

आमच्या गावच्या विहिरीचा एक चमत्कार लहानपणी मला फार वाटे. पौषातल्या पहाटे तिचे पाणी कोमट लागायचे आणि वैशाखात गारेगार. पुढे समजले की पाणी वर्षभर जवळजवळ एकाच उबेचे असते. बदलतो तो आपला हात. तेव्हा सारखेपणाच वाईट, असे मी म्हणणार नाही. विहिरीतले मासे त्या सारखेपणात पिढ्यान् पिढ्या राहत आले. पण विहीर खोल असते, आणि तिच्याही वरच्या पायऱ्यांवर दुपारी घटकाभर ऊन उतरते.

आई गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी पेटीची मांडणी बदलली. पूर्वी हीटर मध्यावर होता आणि पंपाने पाणी एकसारखे ढवळले जाई. तसे करावे असेच सारे सांगतात. मी हीटर डाव्या टोकाला नेला, पंपाचा जोर कमी केला, उजव्या टोकाला तरंगत्या वनस्पती सोडल्या. दोन्ही टोकांना नळ्या लावल्या. फरक पडला दीड अंशाचा. तीन फुटांच्या पेटीत याहून अधिक साधत नाही. हे स्वातंत्र्य म्हणावे इतके मोठे नाही, आणि दोन्ही टोके मीच ठरवली आहेत, हे मी विसरलेलो नाही. माझ्या मनाच्या समाधानासाठी केले असे कुणी म्हटले तर भांडणारही नाही. पण त्या दीड अंशात मासे हिंडतात. पहाटे डावीकडे अधिक असतात. दुपारी वनस्पतींखाली. कधीकधी एकटाच कुणी भलतीकडे जाऊन बसतो आणि त्याचे कारण मला समजत नाही.

गेल्या मार्गशीर्षात आमचा जुना एंजल हीटरच्या बाजूला जाऊन राहिला. खायला टाकले तरी येईना. डावी नळी पाहिली, उजवी पाहिली, दोन्ही ठीक. हीटरच्या बटणावर हात गेला होता. दोन अंश वाढवावे, त्याला ताप हवा असेल तर मिळावा. मग वाटले, ज्यांना नको आहे तेही याच पाण्यात आहेत. आणि त्याला हवे ते त्याने स्वतःच शोधलेले आहे. बटण तसेच ठेवले. खुर्ची ओढून पेटीपाशी बसलो आणि नळ्यांकडे पाठ होईल अशी ती फिरवून घेतली. दोन दिवस तो तिथेच, परांची हळू उघडझाप करीत. तिसऱ्या दिवशी दुपारी तो मधल्या झाडापाशी होता. बरा झाला की नुसता तिथल्या जागेला कंटाळला, हे मला सांगता येणार नाही. मी हात पुढे केला तेव्हा तो वर आला नाही. जरासा मागे सरकला, आणि मग आपल्या सवडीने आला.